पणतीचं बिस्कीट, पण हलकं

तायांनो, दिवाळीत चिवडा-चकलीच्या ताटात आता नक्षीची बिस्किटंही येऊन बसली आहेत. चांदणी, पणती, कंदील, वरून पांढरी-गुलाबी साखर. लेकरं आधी त्यालाच हात घालतात. पण एक खाल्लं की दुसरं नको वाटतं, इतकं ते गोड आणि तुपकट असतं. म्हणून मग घरी करताना तूप आणि साखर दोन्ही निम्मी केली जाते, अन् भट्टीतून ठिकऱ्या निघतात.

असं का होतं? तूप मैद्याच्या कणांना वेढून ठेवतं, म्हणून पाणी लागलं तरी पिठाला चिवटपणा येत नाही. तूप कमी झालं की पीठ कणकेसारखं वागायला लागतं. साखरेनं खुसखुशीतपणा आणि रंग येतो. तेव्हा कमी करायचं ते जागा पाहून. जिभेला पहिली लागते ती वरची साखर. ती पातळ का होईना, असू द्या. आतली कमी केलेली कळत नाही.

माप लिहून घ्या. मैदा 225 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 25, घट्ट रवाळ तूप 80, पिठीसाखर 75, ताजं दही 50 ग्रॅम, पाव चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. कॉर्नफ्लोअर वगळू नका, कमी तुपाचा चिवटपणा तेच मोडतं. तुपाऐवजी लोणी किंवा बटर घेत असाल तर 100 ग्रॅम घ्या, त्यात पाणी असतं, आणि दही 30 वर आणा. वजनकाटा नसेल तर एवढं ध्यानात ठेवा की 240 मिलीच्या कपात मैदा भुरभुर भरला तर साधारण 125 ग्रॅम बसतो, दाबून भरला तर दीडशेच्या घरात जातो. बिस्कीट बिघडायला तेवढं पुरतं.

आपल्याकडे हे दिवस संत्र्याचे. एका संत्र्याच्या सालीचा फक्त केशरी भाग बारीक किसणीनं किसून घाला. पांढरा भाग आला तर कडू. या वासामुळं साखर कमी आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. वेलची सगळेच घालतात, यंदा तिला सुट्टी द्या.

तूप आणि साखर परातीत हातानं पाच मिनिटं फेसा. मैदा, कॉर्नफ्लोअर, पावडर, मीठ एकत्र चाळून त्यात बोटांनी चोळा, रव्यासारखं दिसलं पाहिजे. मग दही आणि कीस घालून गोळा फक्त जमवायचा. मळायचा नाही! पोळीच्या कणकेची सवय इथं नडते. भेगा पडल्या तर चमचाभर दूध, जास्त नाही.

ऑक्टोबरच्या दुपारी आपल्याकडे तूप हातातच वितळतं. मऊ पीठ भाजताना पसरतं आणि पणतीची ज्योत फुगून भेंडीसारखी दिसते. फ्रीज नसेल तर गोळा स्टीलच्या डब्यात घट्ट बंद करा आणि डबा अर्धा तास माठातल्या गार पाण्यात ठेवा. शक्यतो पहाटे लाटा. दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटलं की वरून पीठ भुरभुरावं लागत नाही. जाडी 4 ते 5 मिलिमीटर, आकार 5 सेंटिमीटर. एवढ्यात 40 होतात. साचा नसेल तर पुठ्ठ्याचा आकार ठेवून सुरीनं कापा. लहान आणि बारीक टोकं आधी करपतात, म्हणून एका ताटात एकच आकार ठेवा.

ओव्हनमध्ये 170 अंशांवर 11 ते 13 मिनिटं. व्होल्टेज कमी असेल तर ओव्हन तापायलाच वेळ लागतो, घड्याळावर विसंबू नका, ओव्हनचा दिवा विझेपर्यंत थांबा. कढईत करायचं तर तळाला मीठ, वर स्टँड, झाकण ठेवून 10 मिनिटं तापवा, मग मंद आचेवर 15 ते 18 मिनिटं. गावच्या बेकरीत ताट देत असाल तर पाव निघून भट्टी उतरल्यावर लावायला सांगा, आणि तळाला दुसरं रिकामं ताट ठेवा.

साखर कमी असल्यानं हे बिस्कीट लाल होत नाही. कडा जराशा बदामी झाल्या की काढा. गरम असताना मऊच लागणार. कच्चं समजून परत आत टाकलं की ठिकरीच होते.

आता नक्षी. 100 ग्रॅम पिठीसाखर बारीक चाळणीनं चाळा, कणी राहिली तर कोन तुंबतो. त्यात संत्र्याचा रस थेंबाथेंबानं, लागेल तेवढाच घाला आणि लिंबाचे दोन थेंब. चमच्यानं ओघळवलेली रेघ दहा सेकंदांत विरली पाहिजे. लगेच विरली तर साखर वाढवा. प्लास्टिकच्या स्वच्छ पिशवीचा मेंदीसारखा कोन करून फक्त रेघा काढा. एका बिस्किटाला अडीच ग्रॅम साखर पुरते. आख्खं झाकलं की तीच आठ-दहा ग्रॅमवर जाते. रेघांनी केलेलं एक बिस्कीट अंदाजे 60 कॅलरीचं होतं.

नक्षीच्या साखरेला रंग कसा द्यायचा, असं मागे बसलेल्या ताईंनी विचारलं. बीटाचा रस पाव चमचा घाला, लिंबामुळं गुलाबी टिकतो. हळद चिमूटभर पुरे. मात्र हळद पिठात सोड्यासोबत घालू नका, तांबडी पडते. हे रंग उन्हात उडतात.

बिस्कीट पूर्ण गार झाल्यावरच साखर लावा, नाहीतर ओघळते. पंख्याखाली सहा-सात तास उघडं वाळवा, मग थरांमध्ये कागद घालून घट्ट डब्यात. मऊ पडलेलं बिस्कीट परत कुरकुरीत करायचं असेल तर ते नक्षीच्या आधीच, 150 अंशांवर पाच मिनिटं. म्हणून चार दिवस आधी भाजून ठेवा आणि साखर धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री लावा.