'चीज अँड अनियन्स' : एका गाण्याच्या दोन ओळखी

(दृश्य : पांढरा पियानो. मागे गोल चष्म्याचा गायक.)

२३ एप्रिल १९७७ रोजी 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमात नील इनिस हा इंग्रज गीतकार पांढऱ्या पियानोवर बसला आणि त्याने 'बीटल्स' या इंग्रज वाद्यवृंदातल्या जॉन लेननच्या थाटात एक संथ, काहीसे उदास गाणे म्हटले. गाण्याचे नाव होते 'चीज अँड अनियन्स'. पडदा समोर असलेल्यांना ही नक्कल आहे हे कळत होते, कारण कार्यक्रमच विनोदाचा होता. पुढे मात्र या गाण्याचा नुसता आवाज चित्रापासून सुटून फिरू लागला, बीटल्सच्या चोरून छापलेल्या एका तबकडीवर जाऊन बसला आणि बीटल्सचे गाणे म्हणून विकला गेला. बीटल्सचा शब्द अन् शब्द पाठ असणाऱ्या संग्राहकांच्या कपाटांत अशा रीतीने इनिसचे गाणे लेननच्या नावावर पोहोचले.

हे गाणे घडले कसे, ते आपण पाहणार आहोत.

विडंबन म्हटले की ठाऊक असलेली चाल घ्यायची आणि तिच्यावर नवे, हसवणारे शब्द बसवायचे, असे आपल्या मनात येते. शैलीचे विडंबन वेगळे असते. त्यात चाल नवी, शब्द नवे, स्वरांची मांडणीही नवी असते, आणि तरीही ऐकणाऱ्याला पहिल्या काही क्षणांतच अमुक एका वाद्यवृंदाचे नाव आठवावे लागते. उसनी चाल हाताशी नसते, म्हणून मूळ कलावंत कोणत्या वळणावर काय करतो, कुठे थांबतो, कोणता शब्द कशाशेजारी ठेवतो, हे सगळे आधी अंगी मुरलेले असावे लागते. माझ्या मते हे काम साध्या विडंबनापेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि इनिसने ते ज्या प्रेमाने केले त्याला तोड नाही.

इनिस बीटल्सच्या जवळपास वावरलेला होता. तो ज्या 'बॉन्झो डॉग डू-डा बँड'मध्ये गात असे, तो वाद्यवृंद १९६७ साली बीटल्सच्या 'मॅजिकल मिस्टरी टूर' या चित्रपटात झळकला होता. पुढच्याच वर्षी बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीने टोपणनाव घेऊन इनिसच्या एका गाण्याच्या निर्मितीत हात लावला आणि ते गाणे ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढले.

'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी चमूतला एरिक आयडल १९७५ पासून बीबीसीसाठी 'रटलंड वीकेंड टेलिव्हिजन' ही विनोदी मालिका करत होता. त्या मालिकेची गाणी इनिस रचत असे. बीटल्सच्या सुरुवातीच्या कृष्णधवल चित्रपटाची फिरकी घ्यावी, अशी एक कल्पना तिथे निघाली आणि तिच्यातून 'रटल्स' हा काल्पनिक वाद्यवृंद जन्माला आला. छोटासा तो तुकडा अमेरिकेत दाखवला गेला, लोकांनी उचलून धरला आणि रटल्सचा संपूर्ण खोटा इतिहास सांगणारा 'ऑल यू नीड इज कॅश' हा चित्रपट उभा राहिला. २२ मार्च १९७८ रोजी तो एनबीसी वाहिनीवर लागला. आयडलने कथा आणि संवाद सांभाळले, आणि बीटल्सच्या सगळ्या कालखंडांना शोभतील अशी गाणी लिहिण्याचे काम इनिसवर आले.

(दृश्य : बंद रेकॉर्ड प्लेअर. शेजारी कोरे कागद.)

इनिसची कार्यपद्धती इथे नीट समजून घेतली पाहिजे. बीटल्सच्या तबकड्या पुन्हा लावायच्याच नाहीत, असे त्याने ठरवले. समोर वही घेऊन, एकेक गाणे ऐकत, सुरांची टिपणे काढत तो बसला असता तर हाती नकलाच आल्या असत्या. त्याने फक्त आठवणीवर भिस्त ठेवली. ही गाणी पहिल्यांदा कानावर पडली तेव्हा आपण कोण होतो, आपल्याला काय वाटत होते, पहिल्या प्रेमाची हुरहुर कशी होती, हे आठवत आठवत त्याने लिहिले. आठवण नेमका सूर विसरते, पण गाण्याचा स्वभाव धरून ठेवते. शैली म्हणजे तरी दुसरे काय असते? म्हणूनच रटल्सची गाणी बीटल्सचा संदर्भ काढून घेतला तरी स्वतःच्या पायावर उभी राहतात.

'चीज अँड अनियन्स' हे १९६७ च्या सुमारास लेनन ज्या प्रकारची गाणी करत होता त्या वळणाचे आहे. लेननची चाल मॅकार्टनीच्या चालीसारखी उंच-सखल फिरत नाही. ती बराच वेळ एका सुराच्या आसपास घोटाळते आणि तिच्याखालचे पियानोचे मेळ, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, मात्र बदलत राहतात. त्यामुळे गाणारा जागचा हललेला नसताना भोवतालचे जग सरकत असल्याचा भास होतो. इनिसने ही खूण अचूक उचलली. शब्दांतही तेच. लेनन घरातल्या, बालपणातल्या साध्या वस्तू अशा गूढ स्वरात उच्चारत असे की त्यांत काहीतरी खोल दडले असावे असे वाटे. चीज आणि कांदा ही ब्रिटनमधल्या घराघरांतली जोडी आहे. सँडविचमध्ये ती असते आणि बटाट्याच्या वेफर्सच्या पाकिटावरही असते. एखाद्या गंभीर भावगीतात अत्यंत व्याकूळ होऊन कुणी 'चटणी-भाकरी' म्हणावे, तशी गंमत इंग्रज कानांना या ओळीत ऐकू येते. गायकाचा चेहरा मात्र जराही हलत नाही. तो त्या शब्दांवर मनापासून विश्वास ठेवून गातो. विनोद तिथेच आहे आणि गाण्याचे सौंदर्यही तिथेच आहे.

(दृश्य : पियानोच्या तारा, अगदी जवळून.)

शेवटचा स्वरमेळ लक्ष देऊन ऐकावा. बीटल्सच्या १९६७ च्या 'अ डे इन द लाइफ' या गाण्याच्या अखेरीस अनेक पियानोंवर एकाच वेळी आघात करून तो नाद चाळीसहून अधिक सेकंद विरत जाऊ दिला होता आणि तो विरू लागला तशी मायक्रोफोनची पातळी वाढवत नेली होती. इनिसचे गाणेही अशाच लांबलेल्या मेळावर थांबते. सबंध गाण्यात बीटल्सकडे थेट बोट दाखवणारी जागा म्हणायची तर हीच.

ध्वनिमुद्रणाआधी वादकांनी लंडनच्या हेंडन भागातल्या एका घरात सुमारे दोन आठवडे तालीम केली. चित्रपटात लेननसारख्या दिसणाऱ्या रॉन नॅस्टीची भूमिका इनिसनेच केली. मॅकार्टनीच्या धर्तीवरचा डर्क पडद्यावर आयडल साकारत होता, पण त्याचा गाता आवाज ओली हॉल्सॉल या गुणी गिटारवादकाचा होता. हॉल्सॉल पडद्यावर जेमतेम दिसतो. आज ही गाणी ऐकताना सर्वांत जास्त हळहळ त्याच्याविषयी वाटते. १९९२ साली तो गेला. जॉन हॉल्सीने ड्रम सांभाळले आणि रिकी फतार हा एरवी मुख्यतः ड्रमवादक असलेला कलावंत बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या जागी उभा राहिला. ही मंडळी तालमीत एकत्र वाजवत गेली म्हणून गाण्यांना खऱ्या वाद्यवृंदाची घट्ट वीण आली.

जॉर्ज हॅरिसनने या प्रकल्पाला मनापासून साथ दिली, आणि चित्रपटात तो एका वार्ताहराच्या छोट्या भूमिकेतही आहे. लेननला चित्रपट इतका आवडला की पसंतीसाठी पाठवलेली फीत त्याने परतच केली नाही. त्याने एक सावधगिरीची सूचनाही केली. रटल्सचे 'गेट अप अँड गो' हे गाणे बीटल्सच्या 'गेट बॅक'च्या फार जवळ जाते, तेव्हा जपा, असे त्याने इनिसला सांगितले. ते गाणे रटल्सच्या एल.पी.वरून, म्हणजे गाण्यांच्या मोठ्या तबकडीवरून, वगळण्यात आले.

लेननची भीती खरी ठरली. बीटल्सच्या गीतांचे प्रकाशनहक्क तेव्हा एटीव्ही म्युझिक या कंपनीकडे होते आणि तिने इनिसविरुद्ध कायदेशीर पाऊल उचलले. आपली गाणी स्वतंत्र आहेत हे दाखवण्यासाठी इनिसने संगीतशास्त्राच्या जाणकाराची मदत घेतली. तरीही अखेर न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि एल.पी.वरच्या १४ गाण्यांच्या मानधनातला निम्मा वाटा त्याला सोडावा लागला. एकही तबकडी न लावता, आठवणीतून विणलेल्या गाण्यांची ही किंमत होती, आणि ती मला आजही अन्यायाची वाटते.

या हकिगतीला एक उत्तरार्ध आहे. १९९४ साली 'ओएसिस' या वाद्यवृंदाचे 'व्हॉटएव्हर' हे गाणे आले. बीटल्सवरचे आपले प्रेम ओएसिसने कधी लपवले नव्हते. पण त्या गाण्याच्या चालीचा एक तुकडा ऐकताच जाणकारांना इनिसचे १९७३ चे 'हाऊ स्वीट टू बी अॅन इडियट' आठवले. त्या गाण्यात ना रटल्स होते, ना लेननची छाया. ती चाल सर्वस्वी इनिसची स्वतःची होती. प्रकरण मिटले तेव्हा 'व्हॉटएव्हर'च्या रचनाकारांत नील इनिसचे नाव दाखल झाले.

(दृश्य : पांढरा पियानो. कुणी नाही. शेवटचा मेळ विरत जातो.)