फाटकापाशी अडलेला कॅप्टन

हा दगडी पूल. तीन कमानी, खाली अमेरिकेतल्या अँटिटम ओढ्याचं संथ पाणी. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेच्या नव्हे, तर एकाच देशाच्या उत्तर-दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धात, १७ सप्टेंबर १८६२ ला या पुलावर आणि तिकडच्या मक्याच्या शेतात, एका दिवसात जवळपास २३,००० माणसं मेली, जखमी झाली, नाहीतर बेपत्ता झाली.

आणि हा फोटो त्यानंतर सोळा दिवसांनी काढलेला, अलेक्झांडर गार्डनर यांनी. तंबूसमोर अधिकारी उभे आहेत. मधोमध उंच काळी हॅट घातलेले, सगळ्यांच्या वर डोकं काढून उभे, ते उत्तरेची बाजू लढवणारे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन. लग्नाला निघालेले वकीलसाहेब चुकून छावणीत शिरलेत असं वाटावं. समोर त्यांचेच जनरल मॅक्लेलन, वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीच्या १८४६ च्या तुकडीत दुसरे आलेले. शत्रू कधीच पोटोमॅक नदी ओलांडून दक्षिणेत निघून गेला होता आणि मॅक्लेलनसाहेबांची फौज इथेच मुक्कामाला होती. लिंकन आले होते ते तिला हलवायला.

हलवायला आलेल्याचा स्वतःचा लष्करी अनुभव केवढा? १८३२ साली ब्लॅक हॉक युद्धात जेमतेम तीन महिने. त्यात काही दिवस स्वयंसेवकांचे कॅप्टन, तेही पोरांनी मतं देऊन केलेले. सांगतात, की एकदा तुकडी कवायत करत एका फाटकापाशी आली. आडवी रांग अरुंद फाटकातून काढायची कशी, तो हुकूमच कॅप्टनला आठवेना. मग ओरडले, ‘‘तुकडीला दोन मिनिटं सुट्टी! फाटकापलीकडे पुन्हा रांग धरा!’’ पुढे काँग्रेसमधल्या भाषणात त्यांनीच आपली टर उडवली: आपण झुंजलो ते डासांशी, आणि चढाई केली ती रानकांद्यांवर.

आता रिचमंड, दक्षिणेची राजधानी. उंच खांबांचं हे घर दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांचं. वेस्ट पॉइंटचे पदवीधर. मेक्सिकोच्या युद्धात ब्युएना व्हिस्टाला पायाला गोळी लागली तरी मैदान सोडलं नाही. चार वर्षं अमेरिकेचे युद्धमंत्री. कागदावर यांच्याहून योग्य माणूस शोधून सापडायचा नाही. त्यांना मात्र हे पद नको होतं, फौज हवी होती. खुर्चीत बसले तरी मन छावणीतच.

१८६१ मध्येच सेनापतींची सेवाज्येष्ठता ठरली. जोसेफ जॉन्स्टन यांना वाटत होतं पहिलं नाव आपलं, निघालं चौथं. त्यांनी लांबलचक तक्रार धाडली, डेव्हिस यांनी दोन ओळींत झाडली. आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत शोभेल असं भांडण, फक्त इथे दोघांच्या हाताखाली फौजा होत्या. अढी कायमची बसली. १८६४ च्या जुलैत, उत्तरेची फौज दक्षिणेतल्या अटलांटा शहराच्या वेशीवर असताना, डेव्हिस यांनी जॉन्स्टन यांना हटवलं. दीड महिन्यात अटलांटा पडलं.

लिंकन यांना आपलं अडाणीपण ठाऊक होतं. काँग्रेसच्या ग्रंथालयातून जनरल हॅलेक यांचं युद्धशास्त्राचं पुस्तक आणून ते वाचत बसले. शेजारच्या युद्धखात्याच्या तारघरात तासन्‌तास थांबायचे, आलेली प्रत्येक तार हातात घेऊन बघायचे. ऑक्टोबरात मॅक्लेलन यांच्याकडून आलं, घोडे थकलेत. लिंकन यांनी उलट विचारलं: अँटिटमनंतर तुमच्या घोड्यांनी असं केलंय तरी काय, की ते थकावेत? पंधरवडाभरात मॅक्लेलन यांची उचलबांगडी झाली.

त्यांच्या जागी आणलेले बर्नसाइड फसले, नंतरचे हुकरही फसले. लिंकन बदलत गेले, शेवटी ग्रँट सापडले. हो, ग्रँटही वेस्ट पॉइंटचेच. आणि उत्तरेकडे माणसं, कारखाने, रेल्वे, सगळंच जास्त होतं, तेही खरं.

३ एप्रिल १८६५ ला रिचमंड पडलं. पाठोपाठ युद्ध सरलं; सहा लाखांहून अधिक सैनिक गेले, चाळीस लाख गुलाम सुटले, इकडे मुंबईत युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव कोसळून पेढ्या बुडाल्या.

रिचमंड पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, थोडेसे खलाशी सोबत घेऊन, बारा वर्षांच्या मुलाला, टॅडला, बरोबर घेऊन लिंकन या रस्त्याने चालत आले. हीच ती पायरी. आत डेव्हिस यांच्या कचेरीत शिरले, त्यांच्याच खुर्चीत बसले, आणि प्यायला पाणी मागितलं.