पाचव्या सूर्याचे देणे : ॲझ्टेक कालगणनेतील विश्वकल्पना

अध्यक्ष महोदया, कार्यकारिणीचे सदस्य, ज्येष्ठ मंडळी आणि मित्रहो,

पाडव्याचे पंचांगवाचन नुकतेच झाले आहे, तेव्हा कालगणनेचाच विषय पुढे चालवावा, असे कार्यकारिणीने सुचवले. त्यासाठी मी आपल्या शेजारच्या देशाकडे वळणार आहे. टेक्सासमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी ती गोल, कोरीव शिळा कुठे ना कुठे पाहिली असेल : मेक्सिकन उपाहारगृहाच्या भिंतीवर, टी-शर्टवर, किल्ल्यांच्या जुडग्यावर. मधोमध जीभ बाहेर काढलेला चेहरा आणि त्याभोवती एकात एक बसवलेली कडी. मेक्सिकोचे १० पेसोंचे नाणे कोणाच्या खिशात असेल, तर त्याच्या मधल्या भागावर तोच चेहरा आहे आणि १, २ व ५ पेसोंच्या नाण्यांवर त्याच शिळेची निरनिराळी कडी वाटून दिलेली आहेत. सर्वत्र तिला 'ॲझ्टेक कॅलेंडर' म्हणतात. मात्र तिच्याकडे पाहून आज कोणता दिवस आहे, हे पूर्वीही कोणाला सांगता आले नसते आणि आजही सांगता येणार नाही. ही सूर्यशिळा जगाच्या स्थितीविषयी एक विधान करते आणि त्या विधानाच्या आडून एक राजकीय दावाही मांडते. त्या दोन्हींविषयी मी आज बोलणार आहे.

ज्यांना आपण ॲझ्टेक म्हणतो, ते मेशिका लोक तेनोच्तित्लान या सरोवरातल्या राजधानीत राहत. आजचे मेक्सिको शहर त्याच जागेवर उभे आहे. स्पॅनिश विजयानंतरही काही काळ ही शिळा मुख्य चौकात उघड्यावर पडून होती. पुढे आर्चबिशप मोन्तुफार यांच्या आज्ञेने ती पुरण्यात आली, असे त्या काळचा इतिहास लिहिणारा दुरान हा धर्मगुरू सांगतो. १७ डिसेंबर १७९० रोजी चौकाची जमीन सपाट करताना ती पुन्हा सापडली. व्यास सुमारे ३.६ मीटर, वजन सुमारे २४ टन, दगड बसाल्टचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच चौकात सर्पांचा घागरा नेसलेल्या कोआत्लिकुए देवीची प्रचंड मूर्ती सापडली होती. देवीचे रूप पाहून धास्तावलेल्या अधिकाऱ्यांनी तिला पुन्हा पुरून टाकले. सूर्यशिळेला मात्र कॅथेड्रलच्या मनोऱ्याच्या भिंतीत मानाची जागा मिळाली, कारण तिच्यात गणित दिसत होते आणि गणिताला कोणी मूर्तिपूजा म्हणत नाही. आन्तोनिओ दे लेओन इ गामा या विद्वानाने १७९२ मध्ये दोन्ही शिळांवर ग्रंथ लिहिला, आणि ही शिळा म्हणजे वेळ व तिथी दाखवणारे साधन, ही समजूत तेव्हापासून रुजली. १८८५ मध्ये ती तेथून राष्ट्रीय संग्रहालयात आणि १९६४ मध्ये चापुल्तेपेकच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात गेली. आज ती भिंतीशी उभी केलेली दिसते. मुळात ती आडवी ठेवण्यासाठी घडवली असावी, बहुधा बळीच्या विधींसाठी, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

आता प्रत्यक्ष गणना. ती समजायला आपल्या मंडळींना फारसे अवघड जाऊ नये, कारण तिथी, वार आणि नक्षत्र ही तीन चक्रे आपापल्या गतीने फिरतात आणि त्यांच्या मेळातून दिवसाचे गुणधर्म ठरतात, ही कल्पना पंचांगामुळे आपल्या अंगवळणी पडलेली आहे. मेशिकांकडे मगर, वारा, घर, सरडा, साप, मृत्यू अशी ओळीने २० दिवसचिन्हे होती आणि १ ते १३ असे आकडे होते. दोन्ही एकदमच पुढे सरकत : १ मगर, २ वारा, ३ घर. तेराव्या चिन्हावर, म्हणजे १३ बोरू या दिवशी, आकडे संपत; मग पुढचा दिवस १ जॅग्वार. विसावे चिन्ह फूल. त्याच्या वाट्याला ७ येई आणि पुढच्या दिवशी मगर परत येई, पण आता ८ घेऊन. अशा रीतीने तेच नाव पुन्हा यायला १३ गुणिले २०, म्हणजे २६० दिवस लागत. याखेरीज ३६५ दिवसांचे सौर वर्ष होते : २० दिवसांचे १८ महिने आणि शेवटी ५ रिकामे दिवस, ज्यांत कोणी शुभकार्य करीत नसे. ३६५ ला २० ने भागले तर ५ उरतात, म्हणून वर्षाला नाव देण्याचा मान २० पैकी चारच चिन्हांना मिळे : ससा, बोरू, गारगोटी आणि घर. १३ ने भागले तर १ उरतो, म्हणून आकडा दरवर्षी एकाने वाढे. चार चिन्हे गुणिले १३ आकडे, म्हणजे ५२ वर्षे. आणि नेमक्या ५२ वर्षांनीच, १८,९८० दिवसांनी, दोन्ही चक्रे पुन्हा एकाच ठिकाणी येत. या चार चिन्हांना दिशाही नेमून दिल्या होत्या : बोरू पूर्वेला, गारगोटी उत्तरेला, घर पश्चिमेला, ससा दक्षिणेला. प्रत्येक वर्ष एकेका दिशेकडून येई, म्हणजे काळ आणि अवकाश हे दोन निराळे विषयच नव्हते.

२६० दिवसांच्या गणनेचे जाणकार गणक असत. अंजिराच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदाच्या किंवा हरणाच्या कातड्याच्या, घडी घालून ठेवायच्या चित्रपोथ्या त्यांच्याजवळ असत. मूल जन्मले की आईबाप गणकाकडे जात. जन्मदिवस वाईट निघाला, तर गणक त्याच तेरा दिवसांतला दुसरा बरा दिवस शोधून मुलाचे स्नान आणि नामकरण त्या दिवशी करायला सांगे. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने नाहुआ, म्हणजे मेशिकांचीच नाहुआत्ल भाषा बोलणाऱ्या, वृद्धांकडून जी माहिती लिहून घेतली, तिच्यात हे सविस्तर आले आहे. या लोकांना 'दैववादी' ठरवून मोकळे होणाऱ्यांनी हा तपशील जरूर पाहावा. दिवसाचा प्रभाव ते नि:संशय मानत होते, पण त्याच्याशी वाटाघाट करण्याची वाटही त्यांनी उघडी ठेवली होती.

यापुढचा प्रश्न असा की हे दिवस मुळात येतात कोठून? शिळेच्या मध्याभोवती चार चौकटी आहेत आणि त्यांत होऊन गेलेल्या चार सूर्यांची, म्हणजे चार जगांची, नावे आहेत. प्रत्येक जगाला ते ज्या दिवशी संपले, त्या दिवसाचे नाव मिळाले. ४ जॅग्वार या जगातली माणसे जॅग्वारांनी खाल्ली. ४ वारा हे जग वादळात गेले आणि उरलेली माणसे माकडे झाली. ४ पाऊस या जगावर अग्नीचा वर्षाव झाला. ४ पाणी हे पुरात बुडाले आणि माणसांचे मासे झाले. १५५८ मध्ये नाहुआत्ल भाषेत लिहिलेल्या एका हस्तलिखितात या जगांची आयुष्येही दिली आहेत : ६७६, ३६४, ३१२ आणि पुन्हा ६७६ वर्षे. या चारही संख्यांना ५२ ने पूर्ण भाग जातो. या चार चौकटी आणि दोन्ही बाजूंचे, हृदये पकडलेले पंजे मिळून जी आकृती होते, ती पाचव्या जगाचे नाव आहे : ४ गती. गती म्हणजे हालचाल आणि भूकंपही. हे जग भूकंपाने जाणार आणि ४ गती याच दिवशी जाणार, हे ठरलेले होते; फक्त वर्ष ठरलेले नव्हते. शेवटच्या दिवसाचे नाव माहीत आहे आणि तो दिवस दर २६० दिवसांनी येतो, अशा जगात ही माणसे राहत होती. त्या दिवशी लोक दुपारपर्यंत उपास करीत आणि कान टोचून रक्त अर्पण करीत.

हा पाचवा सूर्य कसा जन्मला, ती कथा साआगुनने नोंदवली आहे, आणि माझ्या मते शिळेचा अर्थ तिच्याशिवाय लागत नाही. चौथे जग संपल्यावर सर्वत्र अंधार होता. तेओतिवाकान या प्राचीन नगरीत देव जमले आणि सूर्य होण्याचे काम कोण घेणार, असे विचारले गेले. तेकुसिस्तेकात्ल हा श्रीमंत, रुबाबदार देव पुढे आला. दुसरे कोणी येईना, तेव्हा अंगभर फोड आलेल्या नानाउआत्सिनला देवांनी सांगितले की तूही चल. दोघांनी चार दिवस तप केले. तेकुसिस्तेकात्लने अर्पण केली ती केत्साल पक्ष्याची पिसे, सोन्याचे गोळे आणि पोवळ्यांचे काटे. नानाउआत्सिनकडे होत्या बोरूच्या मोळ्या, गवताचे गोळे, स्वतःच्या रक्तात बुडवलेले घायपाताच्या जातीचे काटे, आणि धूप म्हणून जाळायला स्वतःच्या फोडांच्या खपल्या. मध्यरात्री अग्निकुंडाशी उभे राहिल्यावर तेकुसिस्तेकात्लने चार वेळा धाव घेतली आणि चारही वेळा धगीपुढे मागे फिरला. नानाउआत्सिनने डोळे मिटले आणि उडी टाकली. मग लाजेने दुसऱ्यानेही टाकली. पूर्वेला दोघेही सारख्याच तेजाने उगवले, तेव्हा जमलेल्या देवांपैकी एकाने तेकुसिस्तेकात्लच्या तोंडावर ससा फेकून मारला. त्याने त्याचे तेज मंदावले, तो चंद्र झाला. चंद्रावर ससा आपणही पाहतो आणि त्याला शशांक म्हणतो. डाग तेच आहेत, आकाशही तेच आहे, आणि साम्याचे कारण एवढेच पुरेसे आहे. यावरून मयासुर आणि माया संस्कृतीचे नाते जुळवणारे संदेश आपल्या गटांवर फिरतात, ते कृपा करून पुढे पाठवू नयेत.

कथा येथे संपत नाही. सूर्य उगवला, पण जागचा हलेना. देवांनी स्वतः मरण पत्करले, तेव्हा कुठे तो चालू लागला. म्हणजे या विश्वात सूर्याचे फिरणे हा निसर्गनियम नाही; कोणीतरी किंमत मोजली म्हणून ते सुरू झाले. माणसेही अशाच देण्यातून आली : केत्सालकोआत्ल या देवाने मृतांच्या लोकातून पूर्वीच्या माणसांची हाडे आणली, ती दळली आणि त्यांवर देवांनी आपले रक्त शिंपडले. ज्याचे देणे लागतो, ते फेडले पाहिजे, हा मेशिका धर्माचा गाभा आहे. एरवी ही फेड कानातल्या रक्ताच्या थेंबाने, उदबत्तीसारख्या जाळलेल्या कोपाल राळेने, लाव्या पक्ष्याच्या बळीने होई. आणि मोठ्या प्रसंगी माणसाच्या हृदयाने. हा भाग गाळून विश्वकल्पनेचे नुसते कौतुक करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, आणि नरबळीपलीकडे काही न पाहणे आळसाचे.

या धास्तीचा कळस ५२ वर्षांचे चक्र संपताना होई. घरोघरचे विस्तव विझवले जात, जुनी भांडी आणि चुलीचे दगड टाकून दिले जात. गरोदर स्त्रियांना घायपाताच्या पानांचे मुखवटे घालून कणगीत कोंडत, कारण सूर्य उगवला नाही तर त्या हिंस्र श्वापदे होतील, अशी भीती होती. लहान मुलांना चिमटे काढून जागे ठेवत, नाहीतर त्यांचे उंदीर होतील. पुरोहित आजच्या इस्तापालापाजवळच्या टेकडीवर जाऊन कृत्तिका पाहत. कृत्तिका मध्यरात्री माथ्यावरून पुढे सरकल्या, म्हणजे जग आणखी ५२ वर्षे चालणार. मग बळी दिलेल्या कैद्याच्या छातीवर लाकडे घुसळून नवा अग्नी पेटवत आणि मशालींनी तो देवळादेवळांत, घराघरांत पोहोचवत. असा शेवटचा विधी १५०७ मध्ये झाला.

तो करवून घेणारा राजा होता दुसरा मोक्तेसुमा, आणि त्याच्यापाशी आपण शिळेच्या राजकारणाकडे येतो. शिळेच्या माथ्यावर, दोन अग्निसर्पांच्या शेपट्या जेथे मिळतात, तेथे एका चौकटीत १३ बोरू हे वर्ष कोरले आहे. पाचव्या सूर्याच्या जन्माचे हे वर्ष. १४७९ हेही १३ बोरू होते, म्हणून शिळा त्या वर्षी घडवली, असे पूर्वी मानत. पण मध्याजवळ राजमुकुटासह एक छोटे चिन्ह आहे आणि ते मोक्तेसुमाचे नाव आहे, असे आता बहुतेकांना मान्य आहे. त्याची कारकीर्द १५०२ ते १५२०. त्याच्यासमोर १ गारगोटी हे चिन्ह आहे. मेशिकांनी आपली मूळ भूमी सोडली, ते हे वर्ष, आणि त्यांच्या कुलदैवताशीही ते जोडलेले आहे. मधला चेहरा सूर्याचा की भूमिदेवतेचा, यावर अजून वाद आहे. तो देवरूप मोक्तेसुमाच असावा, असेही एका अलीकडच्या अभ्यासात सुचवले आहे. ते मानले नाही, तरी सूर्याचा जन्म, आपल्या जमातीचे प्रस्थान आणि राज्य करणाऱ्याचे नाव एकाच वर्तुळात बसवणाऱ्याला काय म्हणायचे होते, हे स्पष्ट आहे. पाच सूर्यांची कल्पना मेशिकांची एकट्यांची नव्हती. सूर्य चालता ठेवण्याचा मक्ता आपला, हे म्हणणे मात्र त्यांचे होते, आणि खंडणी व युद्धकैदी देणाऱ्या शेजाऱ्यांना त्याची किंमत पुरेपूर ठाऊक होती. १५१९ मध्ये कोर्तेस हा स्पॅनिश सेनानी आल्यावर शेजारच्या त्लाश्काला राज्याचे लोक त्याला का मिळाले, याचे बरेचसे उत्तर येथे आहे.

१३ ऑगस्ट १५२१ रोजी, ३ घर या वर्षी, १ साप या दिवशी, तेनोच्तित्लान पडले. पुढचा नवा अग्नी १५५९ मध्ये पेटायचा होता. तो पेटला नाही. २६० दिवसांची गणना मात्र मेशिकांहून पुष्कळ जुनी होती आणि ती त्यांच्याबरोबर संपली नाही. ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातील किचे माया लोकांत दिवसांचे गणक आजही आहेत. मोमोस्तेनांगो येथे दर २६० दिवसांनी '८ बात्स' हा दिवस पाळला जातो आणि नव्या गणकांना त्या दिवशी दीक्षा मिळते. बात्स म्हणजे माकड; सूर्यशिळेवरच्या वीस चिन्हांत मगरीपासून डावीकडे मोजत गेलात, तर अकरावे चिन्ह तेच आहे.