नळाला टांगलेला चक्का आणि टॅरोतला उलटा माणूस

(ओट्याजवळ उभी. मागे सिंकच्या नळाला पांढऱ्या कापडाची पुरचुंडी लटकलेली.)

नमस्कार मंडळी. मागे नळाला ते काय लटकतंय, असं विचारणार तुम्ही, म्हणून आधीच सांगते. चक्का आहे. काल रात्री 10 वाजता एक किलो दही जुन्या मलमलच्या कापडात बांधलं आणि टांगलं. सध्या हवा गार आहे म्हणून बाहेर, एप्रिल-मे असता तर फ्रीजमध्ये चाळणीवर ठेवलं असतं, नाहीतर सकाळपर्यंत आंबट ढाण. खाली पातेलं आहे. ऐका... (थांबते) टप्. आलं ऐकू? व्हिडिओ संपता संपता ती गाठ सोडायची आणि तुमच्यासमोर श्रीखंड फेटायचं, असा बेत आहे.

आणि हे दुसरं लटकलेलं प्रकरण. (कार्ड कॅमेऱ्याजवळ धरते) टॅरो म्हणजे लोक भविष्य बघायला वापरतात ते चित्रांचे पत्ते. त्यातलं हे 12 नंबरचं कार्ड, द हँग्ड मॅन. एका पायाने उलटा टांगलेला माणूस. हात पाठीमागे, दुसरा पाय दुमडून चारच्या इंग्रजी आकड्यासारखा, डोक्याभोवती प्रभावळ. ज्या लाकडाला टांगलाय त्याला पानं फुटलेली आहेत, म्हणजे लाकूड जिवंत आहे. आणि चेहरा बघा. शांत. इतका शांत की मला राग येतो. त्या रागाकडे आपण नंतर येऊ.

आता, टॅरो म्हटलं की निम्मी मंडळी लगेच पुढे सरसावून बसतात आणि निम्मी व्हिडिओ बंद करतात. माझा मामा दुसऱ्या गटातला. अंनिसचा, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा, जुना कार्यकर्ता. त्याने माझ्या ओट्यावर हे पत्ते पाहिले तेव्हा चहाही न घेता निघाला होता. मामा, बस. चहा घे. मी भविष्य सांगत नाहीये.

कारण हे पत्ते भविष्यासाठी जन्मालाच आले नव्हते. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान-फेरारा वगैरे दरबारांमध्ये, हा खेळ होता. साधा पत्त्यांचा डाव. आपल्याकडे मेंढीकोटात हुकूम असतो ना? कोणीतरी हुकूम बोलतं आणि मग त्या रंगाची दुर्रीसुद्धा एक्क्याला मारते. त्यांनी काय केलं, हुकमाचे पत्ते वेगळेच काढले. चार रंगांचे 56 पत्ते, त्यांच्या जोडीला 21 कायमचे हुकूम आणि एक फूल म्हणजे वेडा. झाले 78. हात करायचे, गुण मोजायचे, पैसे लावायचे. फ्रान्समध्ये आणि ऑस्ट्रियात लोक आजही हा खेळ खेळतात आणि त्यात कोणाचं लग्न कधी ठरेल हे कोणी विचारत नाही.

भविष्याचं प्रकरण जवळजवळ साडेतीनशे वर्षांनी आलं. 1781 साली पॅरिसमध्ये कूर द जेबेलँ नावाच्या विद्वानाने छापलं की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे. पुरावा शून्य. पण गोष्ट अशी झकास होती की लोकांनी उचलली, आणि मग पत्ते वाचण्याचा धंदाच उभा राहिला.

आपल्याकडेही चित्रांचे पत्ते होते, बरं का. सावंतवाडीचे गंजिफा. गोल, हाताने रंगवलेले, दशावतारांच्या संचात प्रत्येक अवताराचे 12 म्हणजे एकूण 120. राजवाड्यात आजही कारागीर बसून रंगवताना दिसतात. मत्स्य, कूर्म, वराह सगळे आहेत, पण गंजिफा काढून कोणी तुमची साडेसाती सांगितली नाही. आपली माणसं खेळली आणि जेवायला उठली. मला हे फार आवडतं.

(स्टुलावर बसते)

मग मी हे पत्ते स्वयंपाकघरात का ठेवते?

सुरुवात अशी झाली की मी एका टॅरोवाल्या बाईंकडे गेले होते. मैत्रिणीने वाढदिवसाला भेट म्हणून पैसे भरले होते, 800 रुपये. बाई छान होत्या, आवाज मऊ. मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेरून खंबीर दिसता, पण आतून हळव्या आहात. तुमच्यात खूप काही आहे, अजून त्याचा पूर्ण उपयोग झालेला नाही." माझ्या डोळ्यांत पाणी. अगदी बरोबर! घरी येताना रिक्षात वाटलं, की अरे, हे तर ह्या रिक्षावाल्या काकांनाही लागू आहे.

याला मानसशास्त्रात नाव आहे, फोरर परिणाम. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने आपल्या 39 विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली, आणि आठवड्याभराने प्रत्येकाला त्याचं वर्णन हातात दिलं. किती जुळतं, 5 पैकी गुण द्या. सरासरी आली 4.26. गंमत अशी की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातली बरीच वाक्यं होती एका ज्योतिषाच्या पुस्तकातली. म्हणजे जुळवणारे आपणच. समोर काहीही ठेवा, आपण त्यात स्वतःला कोंबून बसवतो.

मामा हे ऐकून खूश होईल. पण माझं डोकं तिथे दुसरीकडेच गेलं. जर जुळवणारी मीच आहे, तर मी काय जुळवते ते बघण्यासारखं नाही का? चित्रात वीस गोष्टी असतात. माझी नजर नेमकी एकीवर जाते. ती का? हे कार्डाला माहीत नसतं. पण मी जरा वेळ बसले तर मला कळू शकतं.

फक्त तो "जरा वेळ" कुठून आणायचा? डोळे मिटून बसले की मला किराण्याची यादी आठवते. पण भाजी निवडताना, पोळ्या लाटताना, हात गुंतलेले आणि डोकं मोकळं असतं. म्हणून सकाळी एक कार्ड काढते, मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवते आणि कामाला लागते. कार्डांची हालत बघा. (कार्डांचा गठ्ठा पिसते) ह्याला हळद, ह्याला तुपाचा बोटठसा, हे एकदा आमटीत पडलं होतं. नव्या गठ्ठ्यांना रेशमी रुमालात गुंडाळतात म्हणे. इथे जमायचं नाही.

आता एक चूक, जी मीही केली. कार्ड आणि स्वयंपाक म्हटलं की लोक काय करतात? सूर्याचं कार्ड आलं, करा आंब्याचा रस, कारण पिवळा. चंद्र आला, करा इडली, कारण गोल आणि पांढरी. हँग्ड मॅन आला तर अपसाइड डाउन केक! दोन दिवस मजा येते, मग त्यात काही उरत नाही. मला जे उपयोगी पडलं ते सांगते. चित्रातलं नाम सोडा, क्रियापद धरा. चित्रात काय आहे ते नको, काय चाललंय ते बघा. टेम्परन्स, म्हणजे संयम, नावाच्या कार्डात देवदूत एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओततोय. एक पाय पाण्यात, एक जमिनीवर. ओतणं. कढत दूध वर-खाली करून निववणं. एट ऑफ पेंटॅकल्समध्ये, म्हणजे नाण्यांच्या अठ्ठीत, एक कारागीर बाकावर बसून नाण्यामागून नाणं कोरतोय, सगळी सारखी. अहो, ही तर सोळावी पोळी!

ही क्रियापदं चित्रात आहेत त्याचं श्रेय एका बाईचं आहे. त्याआधीच्या बहुतेक गठ्ठ्यांत साध्या पत्त्यांवर नुसती मोजदाद असायची, आठ नाणी म्हणजे आठ नाणी, आपल्या चौकट अठ्ठीसारखी. 1909 साली लंडनमध्ये पामेला कोलमन स्मिथ या चित्रकार बाईने आकड्यांच्या साध्या पत्त्यांपैकी बहुतेकांवरही माणसं काढली, घडत असलेले प्रसंग काढले. त्याच वर्षी एका पत्रात तिने लिहिलं होतं की काम प्रचंड आणि पैसे अगदीच थोडे. गठ्ठा जगभर गाजला तो रायडर-वेट या नावाने, म्हणजे प्रकाशक आणि ज्याने कल्पना सांगितली तो. चित्रं काढणारीचं नाव नाही. ती 1951 मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी वारली, हलाखीत. पण प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तिची नागमोडी सही आहे. बघा, इथे. लोकांनी नाव गाळलं तरी ती सही काही गाळता आली नाही.

(फाइव्ह ऑफ कप्स उचलते. कोपऱ्यावर पिवळा डाग.)

हे कार्ड आलं त्या दिवशी माझं दूध उतू गेलं होतं, खरंच. काळा झगा घातलेला माणूस, मान खाली. समोर तीन पेले सांडलेले. आणि पाठीमागे दोन उभे, भरलेले, तिकडे त्याचं लक्ष नाही. यावर ठरलेला उपदेश कोणीही करेल, उरलेल्या दोन पेल्यांकडे बघा वगैरे. तो मी करणार नाही, कारण गॅसच्या बर्नरमध्ये दूध गेलेलं असताना असा उपदेश करणाऱ्याला मी लाटणं फेकून मारेन. मला आठवली रथसप्तमी. आमच्या आजीकडे अंगणात गोवऱ्या पेटवून, त्यावर मातीचं बोळकं ठेवून दूध मुद्दाम उतू घालवायचे. आम्ही पोरं गोल करून वाट बघायचो आणि उतू गेलं की ओरडायचो. तेच दूध, तेच उतू जाणं. आजी त्या दिवशी हसायची आणि एरवी पदर खोचून धावत यायची. वहीत मी एवढंच लिहिलं, "सांडलं याचं वाईट नाही वाटलं. आता पुसायचं मलाच, याचं वाटलं." हिशेबाच्या वहीची मागची पानं आहेत ही, वेगळी डायरी-बियरी नाही. त्या एका वाक्यावरून घरात कोण काय पुसतं यावर आमच्याकडे जी चर्चा झाली, ती ऐकवत नाही. पण सध्या शनिवार-रविवारी ओटा माझ्याकडे नसतो.

बरं, आता हा उलटा माणूस.

तेव्हाच्या इटलीत गद्दारांची आणि कर्जबुडव्यांची बदनामी करायला त्यांची असलीच चित्रं गावातल्या भिंतींवर रंगवत. एका पायाने उलटं टांगलेलं. या पत्त्यालाही गद्दार म्हणत. म्हणजे मूळ अर्थ, शिक्षा. नंतर हळूहळू लोक त्यात थांबणं, वाट बघणं, जग उलटं होऊन पाहणं असं वाचायला लागले. चित्र तेच.

गेल्या वर्षी पाडव्याच्या आठवड्यात हे माझ्याकडे लागोपाठ दोनदा आलं. त्या वेळी मी एका नोकरीच्या निरोपाची वाट बघत होते. मुलाखतीच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या, "कळवतो" म्हणाले होते. एका दिवसात मी तिथे तीन वेळा फोन केला. सांगायला लाज वाटते, पण तीन. आणि त्याच संध्याकाळी चक्का टांगला होता, चार तास झाले होते, पाहुणे सकाळी येणार. मला धीर नाही. पुरचुंडी उतरवली, परातीत ठेवली आणि वरून पाण्याने भरलेला कुकर ठेवला. पाणी भराभर निघालं. मी खूश. मग आणखी दाबलं हाताने, आणि कापडाच्या विणीतून दहीच बाहेर यायला लागलं, पांढऱ्या अळ्यांसारखं. (हाताने दाखवते) असं. पाण्याबरोबर निम्मा ऐवज गेला. जे उरलं त्यात साखर घातल्यावर ते इतकं पातळ झालं की धाकटा म्हणाला, "आई, मठ्ठा गोड झालाय."

कार्ड डब्याला टेकलेलंच होतं. त्या शांत चेहऱ्याचा मला असा संताप आला! आणि वहीत लिहायला बसले तर लिहिलं गेलं, "हा थांबलाय कारण बांधलाय. मी बांधलेली नाही तर का थांबू?" दोन-तीन दिवस ते वाक्य पोळ्या लाटताना डोक्यात. मग दिसलं की मला वाट बघण्याचा त्रास नव्हता. वाट बघताना मी काहीच करत नाहीये, असं दिसण्याचा होता. आमच्या घरात रिकामं बसलेल्या बाईला लगेच कोणीतरी लसूण सोलायला देतं ना, त्याचा हा परिणाम असावा. निरोप 11 दिवसांनी आला. नाही म्हणाले.

तर असं हे वापरायचं असेल तर वापरा. एकच कार्ड, आणि आवडेल ते येईपर्यंत काढत बसायचं नाही. कोणी कार्ड बघून दोष सांगितला, वर उपायाचे पैसे मागितले, तर उठून या. आणि मन खरंच खचलं असेल, झोप उडाली असेल, तर पत्ते बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

गठ्ठा नसेल तरी अडत नाही. दिवाळीच्या कॅलेंडरवरचं चित्र चालतं, जुना फोटो चालतो. फक्त त्यात कोणीतरी काहीतरी करत असायला हवं.

चला. 8 वाजून 15 मिनिटं झाली. वेलदोडे-जायफळ कुटून ठेवलंय, केशर दुधात भिजतंय, पुरणयंत्र धुऊन तयार. पातेल्यात हे निथळलेलं पाणी बघा, हिरवट-पिवळं, हे फेकायचं नाही, कणीक मळायला घ्यायचं. साखर चक्क्याच्या वजनावर ठरते, म्हणून आधी गाठ सोडून वजन करू.

(पुरचुंडीला खालून हात लावते. थांबते. पुन्हा चाचपते.)

थांबा हं. खालच्या बाजूला अजून लिबलिबीत आहे. विरजण जरा पातळ लागलं होतं, तरी मला वाटलं होतं होईल.

टप्.

ऐकलंत ना? अजून गळतंय. (कॅमेऱ्याकडे बघते, मग कुकरकडे, मग परत नळाकडे.) नाही. राहू दे. श्रीखंड आज दिसणार नाही तुम्हाला. कॅमेरा बंद करते, तोवर लसूण सोलून घेते.