एका कार्डाची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो. नाताळ जवळ आला की अमेरिकेत टीव्हीवर प्रेमकथांची रीघ लागते. थिएटरसाठी नव्हे, खास टीव्हीसाठी काढलेले हे सिनेमे. त्यातल्याच एकाबद्दल आज बोलते. नाव ‘द ख्रिसमस कार्ड’. 2006 साली हॉलमार्क वाहिनीवर आला.

गोष्ट एवढीशी. अफगाणिस्तानात असलेल्या कोडी नावाच्या सार्जंटला नाताळचं एक कार्ड मिळतं. पाठवणारी फेथ, कॅलिफोर्नियातल्या नेवाडा सिटीची. ओळख ना पाळख. कोडी रजेवर येतो, तिचं गाव गाठतो आणि तिच्या वडिलांच्या सॉ मिलमध्ये कामाला लागतो. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

ते कार्ड मात्र लक्षात ठेवा. अनोळखी हाताने लिहिलेलं कार्ड. एवढ्याशा कागदासाठी माणूस इतक्या लांब येईल का? मला विचाराल, तर येईल.

1999 साल, कारगिलचं युद्ध. मी सातवीत. बाईंनी कोरे कागद वाटले. म्हणाल्या, “जवानांना पत्र लिहा. शौर्याची भाषणं नकोत, घरचं लिहा.” मी लिहिलं, आमच्या गाईला वासरू झालंय, कपाळावर पांढरा ठिपका आहे आणि ते आजीच्या लुगड्याचा पदर चघळतं. सगळ्यांची पत्रं एका पाकिटातून गेली. मी विसरूनही गेले.

दिवाळीच्या तोंडावर पोस्टमनकाका माझं नाव पुकारत दारात. आंतरदेशीय पत्र, मागे 56 एपीओ, म्हणजे लष्करी टपालाचा पत्ता. गढवालचा जवान, हिंदीत लिहिलेलं. पहिलीच ओळ, “तुम्हारी चिट्ठी मिली.” पुढे लिहिलं होतं, आम्ही सगळ्यांनी ती आळीपाळीने वाचली. माझ्या घरीही गाय आहे. वासराचं नाव काय ठेवलंस?

नाव ठेवलंच नव्हतं! आजी म्हणाली, “अगं, एवढ्या लांबून माणूस विचारतोय, त्याला काय कळवशील?” दुसऱ्या दिवशी वसुबारस. पूजा झाली, आजीने वासराच्या कानाशी तोंड नेलं आणि नाव ठेवलं, चांदणी. त्याच संध्याकाळी मी उत्तर टाकलं. हल्ली मुलं पत्रलेखन शिकतात ते फक्त गुणांसाठी. शाळांनी वर्षातून एक तरी पत्र तिकीट लावून पेटीत टाकायला लावावं, असं माझं ठाम मत आहे.

तर सिनेमा. त्याचं खरं बळ वडिलांच्या भूमिकेत. एड अ‍ॅस्नर. ‘अप’ या अ‍ॅनिमेशनपटात फुगे बांधून घर उडवणाऱ्या आजोबांचा आवाज यांचाच. वखारीतला हा म्हातारा त्यांनी असा उभा केलाय की तो बोलायला लागला की आपण हातातलं काम थांबवतो. या भूमिकेसाठी त्यांना एमीचं, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही पुरस्काराचं नामांकन मिळालं.

उणिवा आहेत. दर थोड्या वेळाने जाहिरात, म्हणून प्रत्येक प्रसंग घाईने टोकाला नेलेला. फेथचा आधीचा मित्र तर आडकाठीपुरताच. सुरुवातीला दिसलेलं युद्ध पुढे पार मागे पडतं.

पण मला सलते ती वेगळीच गोष्ट. ते कार्ड आपल्यालाच मिळालं, हे कोडी फेथला सांगत नाही. दिवसच्या दिवस तिच्या घरी वावरतो, तिच्या वडिलांच्या हाताखाली राबतो, आणि सांगत नाही. गोष्ट लांबावी म्हणून त्याला गप्प ठेवलंय. चांदणीचं नाव विचारणाऱ्या त्या जवानाने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, तुझी चिठ्ठी मिळाली.