उन्हाळ्यात खणलेले खड्डे

(दृश्य: पांढुरकी, उघडी जमीन. कुदळीचे घाव.)

पावसाला अजून काही महिने अवकाश आहे. तरी पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोच्या उत्तरेला, यातेंगा भागात, शेतकरी दगडासारख्या जमिनीत खड्डे खणतायत.

अशा जमिनीला इथल्या मोरे भाषेत 'झिपेले' म्हणतात. वरचा थर इतका घट्ट, की पाऊस पडला तरी पाणी मुरत नाही, वाहून जातं. १९७० आणि ८० च्या दशकांत साहेल पट्ट्यात, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यात, दुष्काळ मुक्कामालाच आला. कितीतरी कुटुंबं गाव सोडून गेली.

इथले शेतकरी याकुबा सावादोगो मात्र राहिले. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला 'झाई' नावाचा छोटा खड्डा त्यांनी आणखी रुंद आणि खोल केला. आत शेणखत घातलं. तेही ऐन कोरड्या दिवसांत. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं.

(दृश्य: खड्ड्याच्या तळाशी वाळवी.)

खतामागून वाळवी आली. एरवी वाळवी दिसली की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. इथे तिनंच ती कडक जमीन पोखरली, आणि पहिल्या पावसाचं पाणी तिच्याच बिळांतून खाली उतरलं. खड्ड्याखड्ड्यातून ज्वारी-बाजरी उभी राहिली. सोबत खतातल्या बियांची झाडंही उगवली. ती त्यांनी उपटली नाहीत, आणि पुढे तिथे जंगल झालं. २०१८ मध्ये सावादोगोंना राइट लाइव्हलिहूड पुरस्कार मिळाला, २०२३ मध्ये ते गेले. कौतुक करताना एक विसरायला नको: हेक्टरभर जमिनीत झाई खणायची म्हणजे शेकडो तासांची अंगमेहनत.

शेजारच्या नायजरमध्ये तर झाड लावावंही लागलं नाही. तोडलेल्या झाडांची मुळं जमिनीखाली जिवंत होती. दरवर्षी फुटवे यायचे, शेतकरी दरवर्षी ते छाटायचे. १९८० च्या दशकात मराडी भागात टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञानं शेतकऱ्यांसोबत त्यातले मोजके फुटवे राखायला सुरुवात केली. पुढे सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परतली.

(दृश्य: गाओच्या सावलीत शेळ्या.)

त्यातलं 'गाओ' हे बाभळीच्या जवळचं झाड भलतंच सोयीचं. पावसाळ्यात पानं गाळतं, त्यामुळे पिकाला ऊन मिळतं. चारा संपतो तेव्हा त्याच्या शेंगा जनावरांना मिळतात.

आणि जनावरं असतात बरेचदा फुलानी पशुपालकांची. सुगी झाली की त्यांचे कळप रिकाम्या शेतात बसवतात. गुरांना धाटं, पशुपालकाला धान्य आणि विहिरीचं पाणी, शेताला शेण. कागद नाही, शब्दावर चालणारा व्यवहार.

पशुपालकही बदलतायत. उत्तर केनियात गाई पाळणाऱ्या सांबुरू कुटुंबांनी उंट घेतले. चारा करपला की गाय आटते, उंटीण झुडपं ओरबाडूनही दूध देते.

साहेलमध्ये पाऊस थोडाफार परतलाय, पण आता तो मोठमोठ्या सरींनी कोसळतो, मधले खंडही लांबतात. म्हणून झाईच्या जोडीला उताराला आडवे दगडी बांध घालतात. अडचण वेगळीकडेच आहे. जमीन सुधारली तशी शेतं पसरली, आणि कळपांच्या जुन्या वाटा शेताखाली गेल्या. कुठे भांडणं, कुठे रक्तपात. वाट बंद झाली की कळप येत नाही, आणि खड्ड्यात घालायला शेण उरत नाही.

(दृश्य: संध्याकाळ. शेतकरी आणि पशुपालक वाटेकडेचे दगड मोजतायत. कळप थांबलेला.)