ऑटो स्लॅकला पाना लावण्याआधी पुश रॉडचं माप घ्या

नमस्कार मंडळी. आंबा घाटाचा व्हिडिओ टाकल्यापासून खाली एकच प्रश्न येतोय. गाडीला ऑटो स्लॅक आहे, म्हणजे लायनर झिजेल तसा ब्रेक आपोआप घट्ट करणारा दांडा, तरी उतारावर ब्रेक कमी पडतो. मिस्त्रीकडं नेली, त्यानं पाना लावून ब्रेक वर घेतला, म्हणजे घट्ट केला, पंधरा दिवस बरी चालली आणि परत ये रे माझ्या मागल्या. कागलवाले विचारतात, शिरोलीवाले विचारतात, गगनबावड्यावरून करूळ घाटानं वैभववाडीला माल उतरवणारे विचारतात. म्हणून आज विषय एकच, ट्रकच्या एअर ब्रेकचं, म्हणजे हवेच्या ब्रेकचं ॲडजस्टमेंट.

मूळ रचना तुम्हाला माहीत आहे, पटकन उरकतो. कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो. पाय दिला की हवा चाकाजवळच्या चेंबरमध्ये जाते, आपल्याकडं बरेच जण त्यालाच बूस्टर म्हणतात. आतला डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, पुश रॉडला बाहेर ढकलतो, रॉड स्लॅकला फिरवतो, स्लॅक कॅमशाफ्टला फिरवतो, तिच्या टोकाचा एस आकाराचा एस-कॅम शू फाकवतो आणि शूवरचा लायनर चाकाच्या ड्रमला लागतो. झालं.

आता खरा मुद्दा. पुश रॉडची धाव ठरलेली असते. आपल्याकडं मागच्या एक्सलला भरपूर दिसणारा ३० नंबरचा चेंबर घ्या. ३० म्हणजे डायफ्रामचं कामाचं क्षेत्रफळ ३० चौरस इंच. १०० पीएसआय (चौरस इंचाला १०० पाउंड), म्हणजे साधारण ७ किलो (चौरस सेंटीमीटरला) दाबाची हवा दिली की रॉडवर ३००० पाउंड, म्हणजे तेराशे किलोच्या वर जोर येतो. पण कुठवर? साध्या ३० नंबरची एकूण धाव अडीच इंच, ६४ मि.मी. उत्तर अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या तपासणीत त्याला २ इंचांची, ५१ मि.मी.ची हद्द आहे. त्यापुढं रॉड गेला की जोर झपाट्यानं उतरतो, आणि शेवटाला टेकला की हवा कितीही द्या, लायनरवर जास्तीचा दाब पडत नाही. २४ आणि २० नंबरच्या साध्या चेंबरला हीच हद्द पावणेदोन इंच, ४४ मि.मी.

आता कुणीतरी खाली लिहिणारच, "आमच्या गाडीचा पेडल एकदम कडक आहे, मग ब्रेक बरोबरच असणार." नाही. कार किंवा छोट्या टेम्पोच्या तेलाच्या ब्रेकमध्ये लायनर झिजला, गॅप वाढला की पेडल खाली जातो, पायाला कळतं. एअर ब्रेकमध्ये पाय फक्त व्हॉल्व्ह दाबतो. रॉड एक इंच येतोय की सव्वादोन, पायाला काहीही कळत नाही. रिकामी गाडी, सपाट हायवे, तावडे हॉटेलच्या सिग्नलला हलका ब्रेक, सगळं झकास वाटतं. कारण हलक्या ब्रेकला थोडासा जोर पुरतो.

तीच गाडी भरून घाटात घाला. ड्रम तापतो. तापलं की लोखंड पसरतं, ड्रमचा व्यास वाढतो, म्हणजे लायनर ड्रमपासून आणखी लांब. लायनरही तापून घर्षणात कमी पडतो. थंड ड्रमवर रॉड आधीच दोन इंचांपर्यंत येत असेल, तर उरलेला अर्धा इंच हा गरम ड्रमच खाऊन टाकतो. ब्रेक गेला, ब्रेक गेला म्हणतात तेव्हा पुष्कळदा टाकीत हवा पूर्ण असते, काटा ७-८ वर असतो. हवा आहे, रॉडला जायला जागा उरलेली नाही. म्हणून पायावर विश्वास ठेवू नका, माप घ्या.

(कॅमेरा मागच्या चाकाआड, रॉडवर)

गाडी सपाट जागेवर. सगळ्या बाजूंनी चाकांना लाकडी ठोकळे, दगड नको, दगड निसटतो. टाकीत हवा ६ ते ७ किलो, मग इंजिन बंद. हँडब्रेक सोडायचा. बरेच जण इथं चुकतात, हँडब्रेक ओढूनच माप घेतात. स्प्रिंगनं रॉड आधीच बाहेर आलेला असतो, मग मोजणार काय? आता रॉड चेंबरमधून बाहेर येतो त्या तोंडाशी रॉडवरच खडूनं बारीक रेघ मारा. हे बघा, रेघ अगदी चेंबरला चिकटून. केबिनमधल्या माणसाला ब्रेक पूर्ण दाबून धरायला सांगा. अर्धवट नाही, पूर्ण. रेघ बाहेर सरकली. पट्टी लावा. इथं ४२ आलंय. चेंबर ३० नंबरचा, साधा, म्हणजे हे चाक ठीक. आता पलीकडचं मोजा, मग पुढचे दोन, मग ट्रेलरचे सगळे. वहीत लिहा. एकाच एक्सलच्या दोन चाकांत मोठा फरक असेल तर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढणार.

चेंबर साधा की लाँग स्ट्रोक, म्हणजे जास्त धावेचा, हे आधी बघा. लाँग स्ट्रोकला हवेची नळी जोडतात तो उंचवटा चौकोनी असतो, साध्याला गोल. लाँग स्ट्रोक ३० नंबरची धाव ३ इंच आणि हद्द अडीच इंच. एका एक्सलला एका बाजूला साधा आणि दुसऱ्या बाजूला लाँग स्ट्रोक बसवू नका. मिळाला तो बसवला, असं करायची ही जागा नव्हे. स्लॅकच्या दांड्याची लांबीही दोन्हीकडं एकच हवी.

आता ऑटो स्लॅक. माझं कळकळीचं म्हणणं इथं आहे. माप हद्दीबाहेर आलं आणि स्लॅक ऑटो असला, तर पाना लावून ब्रेक वर घेणं हा इलाज नाही. ऑटो स्लॅकचं कामच आहे की प्रत्येक पूर्ण ब्रेकला जादा धाव ओळखून स्वतः थोडं घट्ट व्हायचं. तो ते करत नाहीये, याचा अर्थ तो बिघडलाय किंवा त्याच्या आजूबाजूचं काहीतरी झिजलंय. पाना लावल्यावर आज माप बरोबर येईल. बिघाड तिथंच राहील, आणि दोन आठवड्यांनी भरल्या गाडीसकट तुम्ही परत त्याच घाटात. अमेरिकेत १९९४ पासून नव्या एअर ब्रेकच्या गाड्यांना ऑटो स्लॅक सक्तीचा आहे, तरीही तिथं तपासणीत रॉडचं माप घेतात ते याचसाठी.

मग शोधायचं काय? रॉडच्या टोकाच्या क्लेविसला स्लॅक जोडणारी क्लेविस पिन काढून बघा. पिनला मधोमध खाच पडली असेल, भोक लांबट झालं असेल, तर स्लॅक चुकीची धाव वाचतो. पिन आणि क्लेविस बदला, महाग नाहीत. मग कॅमशाफ्ट हातानं वर-खाली हलवा. खडखड वाजला तर बुश गेले. कंट्रोल आर्म, म्हणजे स्लॅकला एक्सलशी बांधणारी पट्टी, असणाऱ्या स्लॅकला त्या आर्मचा ब्रॅकेट बघा. बोल्ट ढिला किंवा ब्रॅकेट वाकडा असला की स्लॅकला आपण कुठं आहोत हेच कळत नाही. रबरी बूट फाटून आत पाणी-चिखल गेलाय का? शू परत ओढणारी स्प्रिंग मेली आहे का? आणि लायनर किती उरलाय? हे सगळं ठीक असूनही माप बाहेर असेल, तर स्लॅक बदला.

अजून एक. काही ऑटो स्लॅक उलटे फिरवताना कटकट आवाज करतात, जोर लागतो. तो आतल्या क्लचचा जोर. हॅल्डेक्स कंपनीच्या स्लॅकमध्ये उलट फिरवायला १८ न्यूटन-मीटरपेक्षा कमी जोर लागला तर तो बाद धरतात. याचा अर्थ कळला ना? दर महिन्याला पाना लावून उलट-सुलट फिरवणारा माणूस तो क्लचच झिजवतोय. पाना लागतो तो लायनर बदलताना, नवीन स्लॅक बसवताना. त्यानंतर थोडे पूर्ण ब्रेक मारून स्लॅकला त्याची जागा घेऊ द्यायची आणि पुन्हा माप.

जुन्या गाड्यांना हाताचा स्लॅक आहे, त्यांच्यासाठी सांगतो. ड्रम थंड. तापलेल्या ड्रमवर घट्ट केलात तर थंड झाल्यावर ड्रम आकसून लायनरला धरतो. ठोकळे, हवा भरून हँडब्रेक सुटलेला. बहुतेक स्लॅकला १४ चा पाना चालतो. षटकोनी डोक्याभोवतीची लॉकची बाही आत दाबा, तशीच दाबून फिरवा. ब्रेक मारल्यावर कॅम ज्या दिशेला फिरतो, त्याच दिशेला कॅम फिरायला हवा. लायनर टेकला की थांबा. ड्रमवर पान्यानं हलकं ठोका, आवाज बसका येईल, थड. आता पाव ते अर्धा फेरा मागे घ्या. परत ठोका, टण्ण वाजला पाहिजे. आणि शेवटचं, जे घाईत राहतं: लॉकची बाही परत बाहेर आलीय का ते बोटानं चाचपा. बाही आतच अडकली तर स्लॅक चालता चालता आपोआप ढिला होतो. हवा न देता रॉड ओढून पाहिला तर अर्धा ते पाऊण इंच यावा. त्याहून कमी म्हणजे लायनर घासणार, हब तापणार, ग्रीस वितळून बाहेर येणार, आणि टायर पेटायची वेळ येते.

ग्रीस मारताना कॅमशाफ्टच्या निप्पलवर लक्ष ठेवा. ग्रीस स्लॅकच्या बाजूनं बाहेर यायला हवं. शूच्या बाजूनं आलं तर सील गेलं किंवा उलटं बसलं, आणि ते ग्रीस लायनरवर जाणार.

टाकीचं पाणी रोज काढा, पावसाळ्यात तर चुकवूच नका. नुसतं पाणी आलं तर ड्रायरचं, म्हणजे हवेतलं पाणी काढणाऱ्या डब्याचं, कार्ट्रिज बघा. काळं चिकट तेल आलं तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय, नुसतं कार्ट्रिज बदलून भागणार नाही.

ट्रेलरवाल्यांसाठी. लाल नळी सप्लायची, पिवळी ब्रेकची. घोडा, म्हणजे पुढचा ओढणारा ट्रक, जोडल्यावर लाल नळी मुद्दाम काढून बघा, ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागले पाहिजेत. नाही लागले तर गाडी हलवू नका. ट्रेलरचे ब्रेक ढिले ठेवले की टायर वाचतात, असं कमेंटमध्ये वाचलं. ढिल्या ब्रेकचा भरला ट्रेलर वळणावर घोड्याला मागून ढकलतो आणि गाडी घडी घालते. पुढच्या चाकाचे ब्रेक ढिले करणाऱ्यांनाही हेच सांगणं. ब्रेक मारला की वजन पुढं येतं, तिथलेच ब्रेक तुम्ही काढून टाकताय.

गळती तपासायची तर इंजिन बंद, ब्रेक पूर्ण दाबून एक मिनिट काटा बघा. अमेरिकेत ड्रायव्हरच्या परीक्षेत सुट्या ट्रकला मिनिटाला ३ आणि घोडा-ट्रेलरला ४ पीएसआयपर्यंत उतार चालतो. त्याहून जास्त पडला तर साबणाचं पाणी घेऊन फिरा.

आणि स्प्रिंगचा चेंबर. दोन मजली, हँडब्रेकचा. त्याच्या आत शेकडो किलोच्या जोरानं दाबलेली स्प्रिंग आहे. काम करायचं असेल तर आधी केजिंग बोल्ट लावून स्प्रिंग बांधा. स्प्रिंगच्या बाजूचा क्लॅम्प मात्र कधीच उघडू नका, बोल्ट लावला असला तरी नाही. गंजून आतून तुटलेली स्प्रिंग बाहेरून दिसत नाही. झाकण सुटलं तर समोरचा माणूस जातो. पूर्ण चेंबर बदला, रस्त्याकडेला कुणी उघडायला बसला तर हात धरून थांबवा.

कमेंटमध्ये "ब्रेक लागत नाही" एवढंच लिहू नका. चेंबरचा नंबर, साधा की लाँग स्ट्रोक, स्लॅक ऑटो की हाताचा, आणि प्रत्येक चाकाचं मि.मी.मधलं माप टाका.